ऑरगॅनिकचा धसका आणि शेडमधलं डिपिंग ऑईल

पत्र:

मॅडम, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. अकरावी सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं आणि ९१ टक्के पडले होते. दहावीत ‘कार्बनी संयुगे’ हा धडा मला आवडायचा. आता तोच विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणून समोर आलाय आणि मला त्यातलं काहीच ओळखीचं वाटत नाही. युनिट टेस्टला २५ पैकी ७ पडले. क्लासचे सर म्हणतात, ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर, रिॲक्शन्स घोकून काढा. मी तीस पाठ करते तेव्हा आधीच्या तीस गेलेल्या असतात. सेमीच्या मुली पटापट उत्तरं देतात, मी मान खाली घालून बसते. आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे, सुट्टीत मी तिथे हाताखाली असते. पप्पा म्हणाले, झेपत नसेल तर आत्ताच आर्ट्सला जा, फी वाया नको. मला बीएस्सी ॲग्री करायचंय. काय करू?

उत्तर:

प्रिय मुली,

आधी पप्पांच्या प्रश्नाचं बघू, म्हणजे तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. एका युनिट टेस्टवरून शाखा बदलू नकोस. आर्ट्सला जाण्यात कमीपणा काही नाही, पण तिथे आवडीने जावं, पळून जाऊ नये. आणि ॲग्री करायचं असेल तर केमिस्ट्रीला वळसा घालता येत नाही. बारावीत ऑरगॅनिकचे धडे रांगेने येतात: हॅलोजनची संयुगं, अल्कोहोल-फिनॉल-ईथर, अल्डिहाईड-कीटोन-ॲसिड, अमाईन. आत्ताचे दोन धडे, बेसिक प्रिन्सिपल्स आणि हायड्रोकार्बन्स, हा त्या सगळ्यांचा पाया आहे. पाया भरायला दोन महिने जास्त लागले तर लागू देत.

आता क्लासच्या सरांबद्दल. त्यांच्यावर मी फार रागावू शकत नाही, कारण नोकरीची पहिली सहा-सात वर्षं मीही तेच केलं. फळाभर अभिक्रिया लिहायच्या आणि ‘उतरवून घ्या’ म्हणायचं. मग एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, त्या बाणाला कोण सांगतं कुठं जायचं ते?” वर्ग हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र कळून चुकलं होतं की आपल्याला याचं उत्तर नीट येत नाही. पुढची सगळी वर्षं मी ते उत्तर शिकवत राहिले, आणि तुलाही तेच सांगणार आहे.

पण सुरुवात तुझ्या बेदाण्याच्या शेडपासून करू. तू तो उल्लेख जाता जाता केलास, मला तो सगळ्यात कामाचा वाटला.

द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी कशात बुडवता? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल. साधारण प्रमाण लिटरला २५ ग्रॅम आणि १५ मिली, तुझ्या पप्पांना तोंडपाठ असेल. त्या डिपिंग ऑईलच्या कॅनवर बारीक अक्षरात एक नाव असतं: इथाईल ओलिएट. हे तुझ्या पुस्तकातलं एस्टर आहे. ज्या शब्दाला तू घाबरतेस तो तुमच्या शेडमध्ये कॅन भरून ठेवलेला आहे.

हे नाव फोडून बघ. ‘इथाईल’ सांगतं की एक बाजू इथॅनॉलकडून आली. इथॅनॉल म्हणजे साखर कारखान्यात मळीपासून निघतं ते, आणि आता पेट्रोलमध्ये मिसळतात तेही. ‘ओलिएट’ सांगतं की दुसरी बाजू ओलिइक ॲसिडकडून आली. हे ॲसिड शेंगतेलात भरपूर असतं, अठरा कार्बनची लांबलचक साखळी आणि तिच्या बरोबर मध्ये, नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या दरम्यान, एक दुहेरी बंध. ॲसिडने आपला ओएच सोडला, अल्कोहोलने आपला हायड्रोजन सोडला, त्या दोघांचं पाणी होऊन बाहेर पडलं आणि उरलेले दोघे जोडले गेले. एस्टर तयार. ॲसिड आणि अल्कोहोल कुठलंही घे, गोष्ट हीच राहते. पिकलेल्या केळ्याच्या वासामागेही मुख्यतः एक एस्टरच आहे, फक्त त्याच्या साखळ्या छोट्या आहेत.

आता ते द्राक्षावर काय करतं बघ. घडावर हात फिरवला की पांढुरकी भुकटी बोटाला लागते ना? ते मेण आहे. द्राक्ष आपलं पाणी राखायला ते अंगावर चढवतं. मेणाचे सूक्ष्म खवले एकावर एक बसलेले असतात आणि पाण्याला त्यातून बाहेर पडायला वाट नसते. डिपिंग ऑईलची लांब कार्बनची शेपटी मेणासारखीच आहे, म्हणून ती खवल्यांमध्ये सहज शिरते. दुसऱ्या टोकाला मात्र ऑक्सिजन असलेला गट आहे आणि त्याचं पाण्याशी थोडंफार जमतं. मेणाची घट्ट मांडणी सैल पडते, आतलं पाणी सुटायला लागतं आणि बेदाणा लवकर वाळतो. न बुडवलेली द्राक्षं शेजारी टाकून बघ, किती जास्त दिवस घेतात ते.

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगतेय? कारण ऑरगॅनिकमधली मुख्य युक्ती यात आली. रेणू कितीही मोठा असला तरी त्याचे दोन भाग पाडायचे: कार्बन-हायड्रोजनचा सांगाडा, आणि त्यावर कुठेतरी बसलेला क्रियात्मक गट, म्हणजे तुमच्या इंग्रजी पुस्तकातला फंक्शनल ग्रुप. सांगाडा बहुतेक वेळा सुस्त असतो. जे काही घडतं ते गटापाशी घडतं. वीस कार्बनचं डिपिंग ऑईल आणि चार कार्बनचं इथाईल ॲसिटेट यांची क्रिया घडायची जागा एकच, एस्टरचा गट. म्हणून तू दोनशे रिॲक्शन्स शिकत नाहीयेस, दहा-बारा गटांचे स्वभाव शिकते आहेस.

सेमीच्या मुलींबद्दलही बोलू. त्यांना शब्द आधीपासून माहीत आहेत, एवढाच फरक आहे. तुझ्याकडे तेच ज्ञान मराठीत आहे. सहसंयुज बंध म्हणजे कोव्हॅलंट बॉण्ड, समजातीय श्रेणी म्हणजे होमोलोगस सिरीज, असंपृक्त म्हणजे अनसॅच्युरेटेड. एका पानावर असे पंचवीस-तीस शब्द समोरासमोर लिहून काढ, दहावीचं पुस्तक जवळ घेऊन. फेकून तर दिलं नाहीस ना ते? आठवड्यात हा परकेपणा निम्मा होईल.

एका शब्दाचा गोंधळ मात्र मराठीतच आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला जुनी पुस्तकं सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात, आणि गावात सेंद्रिय शेती म्हणजे युरिया न वापरता केलेली शेती. गंमत अशी की केमिस्ट्रीच्या हिशोबाने युरिया अस्सल सेंद्रिय संयुग आहे. नुसतं सेंद्रिय नाही, सेंद्रिय रसायनशास्त्राचं दार ज्याने उघडलं ते! १८२८ साली वोलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट हा निर्जीव क्षार तापवला आणि हाती युरिया आला. तोवर समजूत होती की असले पदार्थ जिवंत शरीरातच, कुठल्यातरी जीवशक्तीमुळे बनतात. वोलरने आपल्या गुरूला, बर्झेलियसला, पत्र लिहून कळवलं की मूत्रपिंडाशिवाय मी युरिया बनवलाय. तेव्हापासून ऑरगॅनिक म्हणजे ‘सजीवांचं’ हा अर्थ मागे पडत गेला आणि ‘कार्बनच्या संयुगांचं’ हा अर्थ रुजला. दहावीच्या पुस्तकातलं ‘कार्बनी’ हे नाव त्या दृष्टीने जास्त चांगलं आहे, असं माझं मत.

कार्बनच का, हे पुस्तकात दिलंय, मी थोडक्यात सांगते. चार हात, आणि स्वतःच्याच भावंडाचा हात घट्ट धरायची सवय. दोन कार्बनमधला साधा बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, सिलिकॉनच्या जोडीला साधारण सव्वादोनशे. म्हणून कार्बनच्या साखळ्या टिकतात.

नावांची तुला भीती वाटतेय. तुझं मराठी व्याकरण चांगलं असणार, तेच इथे वापर. ‘घर’ला प्रत्यय लावला की घराला, घरात, घरून होतं. मूळ शब्द तोच, नातं बदलतं. इथेही आधी मूळ, म्हणजे कार्बन किती: मेथ एक, एथ दोन, प्रोप तीन, ब्यूट चार, तिथून पुढे पेंट, हेक्स, हेप्ट, ऑक्ट, नॉन, डेक. ही दहा मुळं पाठ कर, इथे घोकंपट्टीला माझी परवानगी आहे. मग बंध कसले: सगळे एकेरी तर ‘एन’, दुहेरी असेल तर ‘ईन’, तिहेरी असेल तर ‘आईन’. शेवटी गटाचा प्रत्यय: अल्कोहोलला ‘ऑल’, अल्डिहाईडला ‘आल’, कीटोनला ‘ओन’, ॲसिडला ‘ओइक ॲसिड’. मधला आकडा म्हणजे घर नंबर. ब्युटेन-२-ऑल म्हटलं की चार कार्बन, सगळे एकेरी बंध, दुसऱ्या कार्बनवर ओएच. पप्पा घड वाढवायची जीएची पावडर पाण्यात टाकण्याआधी ज्या ॲसिटोनमध्ये विरघळवतात, ते प्रोपॅनोन. सांग बघू त्यात कार्बन किती आणि गट कुठला? आला ना?

घर नंबर किती महत्त्वाचा असतो त्याचं एक उदाहरण. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन घेतले तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होते. ऑक्सिजन टोकाला हायड्रोजन धरून बसला तर इथॅनॉल, जे ७८ अंशांना उकळतं. तोच ऑक्सिजन दोन कार्बनच्या मध्ये बसला तर डायमिथाईल ईथर, जे उणे २४ अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्याकडे तो वायूच. वजन तेवढंच, अणू तेवढेच. इथॅनॉलचे रेणू त्या ओएचमुळे एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात, ईथरला ते जमत नाही. हे समघटक, म्हणजे आयसोमर, कागदावर कधीच नीट कळत नाहीत. हाताने बनवावे लागतात. आणि तुमच्याकडे बेदाणे आहेत! खराट्याच्या काड्यांचे तुकडे कर. बेदाणा म्हणजे कार्बन, हायड्रोजनला शेंगदाणे नको, फुटतात, भिजवलेले हरभरे घे. प्रत्येक बेदाण्याला चार काड्या, एका पातळीत नको, चारही दिशांना सारख्या पसरलेल्या, कोन १०९.५ अंशांच्या जवळपास. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन जोडायला घेतलेस की दोनच वेगळे आकार निघतील. ते दोन्ही तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलेंडरमध्ये असतात. पाच कार्बनला तीन आकार, सहाला पाच. दहाला पंचाहत्तर होतात, तिथे थांब, बेदाणे पप्पांना विकायचेत.

आता बाणाकडे येऊ. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न.

अभिक्रिया समजावताना रेणूंवर जो वाकडा बाण काढतात, तो नेहमी इलेक्ट्रॉनची वाट दाखवतो. जिथे ते जास्त आहेत तिथून निघतो, जिथे कमी आहेत तिथे पोचतो. निम्मी मुलं हा बाण धन आयनापासून काढतात आणि तिथेच पुढचं सगळं उलटं होतं. हे बाण १९२२ मध्ये रॉबिन्सन या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने वापरायला सुरुवात केली, त्याआधीचे लोक खरंच पाठ करत होते. तुला मात्र गरज नाही. कुठलाही रेणू समोर आला की एकच विचार: यात इलेक्ट्रॉन कुठे दाटलेत आणि कुठे तुटवडा आहे? ऑक्सिजन आणि हॅलोजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, म्हणून त्यांना चिकटलेल्या कार्बनकडे तुटवडा. दुहेरी बंधात इलेक्ट्रॉन दाटलेले. एवढ्यावर किती निभावतं बघ.

प्रोपीन घे. तीन कार्बन ओळीत, पहिल्या आणि मधल्यामध्ये दुहेरी बंध. पहिल्यावर दोन हायड्रोजन, मधल्यावर एक, तिसऱ्यावर तीन. त्यावर हायड्रोजन ब्रोमाईड आलं. हायड्रोजन कुठे बसेल, ब्रोमीन कुठे? मार्कोव्हनिकॉव्हचा नियम म्हणतो, ज्या कार्बनकडे आधीच हायड्रोजन जास्त, नवाही त्याच्याकडेच. मुलं ‘पैशाकडे पैसा जातो’ असं लक्षात ठेवतात, बरोबर बसतं. या रशियन रसायनशास्त्रज्ञाने हा नियम १८७०च्या सुमारास नुसत्या निरीक्षणावरून मांडला. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा, त्यामुळे कारण त्याला सांगता येणं शक्य नव्हतं. तुला येतं. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन हायड्रोजनला पकडतात. तो पहिल्या कार्बनवर बसला तर धन भार मधल्या कार्बनवर उरतो. मधल्याला दोन्ही बाजूंना कार्बन शेजारी आहेत, ते आपले इलेक्ट्रॉन थोडे त्याच्याकडे सरकवतात आणि भार हलका होतो. हायड्रोजन मधल्यावर बसला असता तर भार टोकाच्या कार्बनवर आला असता आणि त्याला शेजारी एकच. म्हणून पहिली वाट. मग ऋण ब्रोमाईड येऊन मधल्या कार्बनला धरतो: २-ब्रोमोप्रोपेन.

पुढच्याच परिच्छेदात पुस्तक सांगतं की पेरॉक्साईड असेल तर उलटं होतं, ब्रोमीन टोकाला जातो. १९३३ मध्ये खराश या रसायनशास्त्रज्ञाने हे दाखवलं. घोकणारी मुलं इथे गळपटतात, कारण ‘पैशाकडे पैसा’ इथे चालत नाही. पण कारण धरून चालणाऱ्याला दिसतं की खरं म्हणजे काहीच उलटं झालेलं नाही. पेरॉक्साईडमुळे ब्रोमीनचा मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा अणू, तयार होतो आणि या वेळी पहिला पाहुणा हायड्रोजन नसून ब्रोमीन आहे. पहिला येणारा आधीसारखाच टोकाला बसतो आणि अडचण, इथे एकटा इलेक्ट्रॉन, पुन्हा मधल्याच कार्बनकडे जाते, कारण त्याला सांभाळणारे शेजारी दोन आहेत. नियम दोन वाटतात, कारण एकच. (हे हायड्रोजन ब्रोमाईडपुरतंच, क्लोराईड किंवा आयोडाईडला लागू नाही. परीक्षेत नेमकं हेच विचारतात.) मला विचारशील तर अकरावीच्या ऑरगॅनिकमध्ये इतकी सुंदर जागा दुसरी नाही. यावर एक अख्खी संध्याकाळ घालव.

रोजचं म्हणशील तर एसटीतला वेळ मुळं, प्रत्यय आणि शब्दांच्या पानासाठी. घरी चाळीस मिनिटं, हातात पेन घेऊन. ऑरगॅनिक नुसतं वाचून येत नाही, पोहण्यासारखं आहे. दिवसाला दोन अभिक्रिया, पण बाणांसकट, आणि खाली मराठीत एक ओळ: हे का झालं. ओळ लिहिता आली नाही तर तिथे खूण कर आणि कॉलेजच्या मॅडमना किंवा सरांना विचार. तासाला विचारायची लाज वाटत असेल तर स्टाफरूममध्ये जा. माझ्या अनुभवाने शिक्षकांना असा प्रश्न आवडतो, मग चेहऱ्यावर काही का असेना. अभिकारकांची नावं, ल्युकास, बायर, टॉलेन्स वगैरे, ही पाठच करावी लागतात, त्यात तर्क नाही, माणसांची नावं आहेत ती. त्यासाठी गटवार एकेक पान ठेव. क्लासची वही मात्र एक महिना कपाटात ठेवून दे.

आणि एक घरचा अभ्यास देते. छाटणीनंतर घड लांबवायला, मण्याला आकार यायला पप्पा जीए वापरतात, ते जिबरेलिक ॲसिड. एकोणीस कार्बन, बावीस हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. मोबाईलवर त्याच्या रेणूचं चित्र शोध, पहिल्यांदा बघून डोकं गरगरेल, गरगरू दे. कागदावर मोठं उतरवून घे आणि रंगीत पेनांनी ओळखीचे गट गोल करत जा. नावात ॲसिड आहे, तर त्याचा गट कुठेतरी असणारच. ओएच दोन ठिकाणी आहेत. दुहेरी बंध कार्बन-कार्बनमध्येही आहेत, ते सोडू नकोस. एक एस्टर आहे पण तो स्वतःभोवती वळून कडं करून बसलाय, म्हणून चटकन दिसणार नाही, त्याला लॅक्टोन म्हणतात. झालं की पप्पांना बोलावून दाखव, आणि सहाच्या सहा ऑक्सिजनचा हिशोब लागला का ते मला कळव.

तुझी,
केमिस्ट्रीच्या मॅडम